यंदा ज्युनिपरला धार आहे

माणसाने माणसाचा अपमान केला तर मला फारसं काही वाटत नाही. मी नगरपालिकेत बांधकाम परवान्यांच्या टेबलावर बसतो. आमच्याकडे अपमान सकाळच्या कॉफीबरोबरच येतो आणि कॉफीसारखाच अंगवळणी पडतो. पण तळघराच्या भिंतीवरच्या काडेपेटीएवढ्या विजेच्या खटक्याने सगळ्या गावादेखत माझी लायकी काढावी, आणि तीही दर शनिवारी, हे मात्र सहन होण्यापलीकडचं होतं.

खटका पडतो तेव्हा आवाज तसा काही मोठा होत नाही. नुसतं 'टक्'. पण तेवढ्यात तळघर काळोखात बुडतं, पातेल्यातलं पाणी आहे तिथेच कोमट राहतं आणि वरून सीग्नेचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आवाज येतो, "गेली का?" तिच्या आवाजात राग नसतो. राग असता तर उलट बोलता तरी आलं असतं. दवाखान्यात रुग्णाची चौकशी करावी तशी ती विचारते, आणि त्याने जास्त लागतं.

या सगळ्याचं मूळ सासरेबुवांच्या एका वाक्यात आहे. नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे मटण-कोबी खायला बसलो होतो. हाल्वार, म्हणजे माझे सासरे, जेवताना सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी सुरी खाली ठेवली आणि म्हणाले, "यंदा यीस्टचं काय ते ठरवून टाकू."

सीग्नेच्या हातातला बटाटा हवेतच राहिला.

हे यीस्ट म्हणजे दुकानात पुडीत मिळतं ते नव्हे. आमच्या दरीत ज्याचं त्याचं घरचं यीस्ट असतं. लाकडी कड्यावर वाळवलेलं ते घराशेजारच्या चूलघरात खुंटीला टांगलेलं असतं आणि दर नाताळच्या बिअरला पुन्हा जागं करतात. सासरेबुवांकडचं यीस्ट सासूबाईंचं. त्यांना ते त्यांच्या आईकडून आलेलं. बिअर करायच्या त्या सासूबाईच. त्या गेल्यावर सासरेबुवांनी काम हाती घेतलं आणि एकही नाताळ चुकवला नाही. आता त्यांचं म्हणणं असं, की टोमासच्या दिवशी, म्हणजे नाताळाआधी शेजारीपाजारी घरोघरी बिअर चाखत फिरतात त्या दिवशी, जावयाने केलेली बिअर टेबलावर यायला हवी. लोकांनी वाडगा संपवून दुसरा मागितला तर यीस्ट इथेच राहील. नाही मागितला तर ते हार्डांगर भागात राहणाऱ्या त्यांच्या पुतण्याकडे जाईल, कारण त्याला निदान बिअर करता येते.

सीग्ने बिअरचा थेंब पीत नाही. तरी घरी येताना वाटेत ती म्हणाली, "आस्लाक, आईच्या हातचं आता एवढंच उरलंय. ते त्या मठ्ठाच्या फ्रीजमध्ये गेलेलं मला चालणार नाही."

"मी करतो," मी म्हणालो. निसरड्या वाटेवर तोल सांभाळताना माणसाने असली आश्वासनं देऊ नयेत.

आता आमच्याकडे बिअर करायची ती चूलघरात, लाकडावर, तांब्याच्या हंड्यात. आधी ज्युनिपर या काटेरी झुडपाच्या फांद्या घालून पाणी उकळायचं, त्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, भिजवायचं, मग तो गोड काढा गाळून पुन्हा तापवायचा. सासरेबुवांना थर्मामीटर म्हणजे आजारी माणसाची वस्तू वाटते. ते हंड्यात बोट घालतात. चटका बसला की पाणी झालं. यीस्ट घालायच्या वेळी बोट आतच ठेवावंसं वाटलं की काढा झाला. या बोटाची गावात एवढी ख्याती, की एकदा कुणाच्या तरी बाळाच्या आंघोळीचं पाणी बघायलासुद्धा त्यांना बोलावलं होतं.

माझ्या बोटाला असली काही ख्याती नाही, आणि लाकडाच्या धुराने माझे डोळे चुरचुरतात. शिवाय मी प्रगतीच्या बाजूचा माणूस आहे. म्हणून मी ठरवलं, की आपण तळघरात स्टीलचं मोठं पातेलं ठेवायचं, त्याला खाली भोक पाडून विजेची कॉइल बसवायची, बटण दाबायचं आणि वर जाऊन वर्तमानपत्र वाचायचं. पातेल्याला भोक मी स्वतः पाडलं. ते जरा मोठं झालं म्हणून दोन रबरी चकत्या लावल्या, आणि त्या दोघींचं जमेना म्हणून मध्ये तिसरी. सीग्ने पायरीवर उभी राहून बघत होती. ती शाळेची बस चालवते, त्यामुळे गळतीचा आवाज तिला लांबूनही कळतो.

"पाणी झिरपतंय," ती म्हणाली.

"बसेल हळूहळू," मी म्हणालो आणि बटण दाबलं.

टक्.

पहिल्या शनिवारी मला वाटलं, योगायोग असेल. दुसऱ्या शनिवारी नवी कॉइल आणली, नव्या चकत्या लावल्या, भांडं कोरडं ठक्क पुसलं. पाणी तापायला लागलं, ज्युनिपरचा वाससुद्धा सुटला, आणि खुर्चीत बसून मी वर्तमानपत्राची घडी उघडतोय तोच टक्. मजा अशी, की मधल्या बुधवारी मी रजा काढून सगळं पुन्हा करून बघितलं, तर खटका सकाळपासून संध्याकाळपर्यंत सज्जनासारखा उभा. शनिवार आला, बिअरचं माल्ट भिजलं, की पडला. हा खटका देवभोळा आहे आणि दारूबंदीवाला आहे, असं माझं मत व्हायला लागलं होतं.

शेजाऱ्यांना तर पर्वणीच. पलीकडच्या घरातला नील्स मेंढ्या पाळतो. कुरणाभोवती त्याने स्वतः विजेचं कुंपण घातलंय, त्यामुळे वीज आपल्याला विचारून वाहते असा त्याचा समज आहे. तो माझ्या तळघरात उकिडवा बसून कॉइलकडे बराच वेळ बघत राहिला.

"आस्लाकराव," तो म्हणाला, "तुमचं काय चुकतंय सांगू का?"

"सांग."

"तुम्ही परवान्यावाले लोक. या खटक्यालाही तुम्ही परवानगी मागताय. तो नाही म्हणतोय. तो काढूनच टाका."

"काढून?"

"बाजूने तार घ्यायची. नाहीतर कॉइलची ती हिरवी-पिवळी तार असते ना, ती कापायची. तिचं काही काम नसतं. शोभेची आहे."

गुद्रुनआजींचं मत वेगळं होतं. त्या समोरच्या घरात एकट्या राहतात आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे उपाय असतो. त्यांच्या मते वीजबीज सगळं झूट. तळघरातल्या बुटक्या घररक्षक भुताला आम्ही नवं घर बांधल्यापासून खीर ठेवली नाही, म्हणून तो रुसलाय. मी सुशिक्षित माणूस आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी रात्री खीर ठेवली, वर लोण्याचा गोळासुद्धा घातला. सकाळी वाडगा चाटूनपुसून स्वच्छ. आमचं मांजर दिवसभर झोपून होतं. शनिवारी खटका पडलाच.

मग मी कायदेशीर मार्ग धरला. वीज कंपनीला फोन केला. बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एक गोड आवाज म्हणाला, घराच्या आतला बिघाड आमच्या अखत्यारीत येत नाही, इलेक्ट्रिशियन बोलवा. इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो म्हणाला, फक्त शनिवारी पडतो ना? मग बिघाड बाहेरच्या लाइनवर आहे, तो आमच्या अखत्यारीत येत नाही. शिवाय नाताळाच्या गर्दीत मला फेब्रुवारीपर्यंत सवड नाही. 'अखत्यारीत येत नाही' हे वाक्य मी टेबलाच्या अलीकडून हजारदा वापरलंय. ते इतकं भारी लागतं, हे पलीकडे बसल्यावर कळलं. शेवटी मी कंपनीला लेखी तक्रार केली, आमच्या कार्यालयीन भाषेत, विषय आणि संदर्भासह. उत्तर येईल अशी अपेक्षा नव्हती, कारण असल्या पत्रांचं काय होतं ते मला माहीत आहे.

आणि प्रत्येक शनिवारी, माझ्या तळघरात काळोख झाला की, खिडकीतून वरच्या अंगाला सासरेबुवांच्या चूलघराचं धुराडं दिसायचं. शांतपणे, एका लयीत धूर सोडणारं. त्यांचं चाललेलं असायचं. जावयाच्या भरवशावर राहण्यापेक्षा घरात एक खात्रीची बिअर असावी, म्हणून त्यांनी आपलीही सुरू ठेवली होती. संध्याकाळी ते लाकडी खडावा खटखट वाजवत आमच्याकडे यायचे, माझ्या पातेल्यात बोट घालायचे, कोमट पाण्याने ओलं झालेलं ते बोट माझ्याच टॉवेलला पुसायचे आणि काही बोलायचे नाहीत.

एकदाच बोलले. नील्सही होता तेव्हा. बोट चोळत म्हणाले, "यंदा ज्युनिपरला धार आहे."

"म्हणजे?" मी विचारलं.

"हंड्यात बोट घातलं की मुंग्या येतात. पार कोपरापर्यंत. इतक्या वर्षांत असं ज्युनिपर पाहिलं नाही."

"उन्हाळा कोरडा गेला ना," नील्स जाणकारासारखा म्हणाला. "रस दाटतो."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. त्यांच्या ज्युनिपरला धार, कोपरापर्यंत मुंग्या आणणारी, आणि माझ्या पाण्याला साधी ऊब येईना. त्या रविवारी मी त्यांच्याच झुडपाच्या फांद्या चोरून तोडून आणल्या. काही फरक पडला नाही.

सीग्नेला मात्र दुसरंच काही खटकत होतं. "बाबांच्या लाकडांची थप्पी अजून होती तेवढीच कशी?" ती एकदा म्हणाली. "नोव्हेंबरापासून ते तापवतायत."

"कसलेल्या माणसाला लाकूड कमी लागतं," मी तिला समजावलं.

असं करत शेवटचा शनिवार आला. आमचं यीस्ट चपळ आहे, दोन-तीन दिवसांत काम उरकतं. पण हा शनिवार गेला तर टोमासच्या दिवसाला माझ्याकडे टेबलावर ठेवायला फक्त कोमट पाणी उरणार होतं. सकाळी सीग्नेने माल्टचं पोतं स्वतः तळघरात आणून ठेवलं, आणि ते ठेवताना त्यावरून एकदा हात फिरवला. ते बघून मी नील्सला फोन केला.

"कॉफीनंतर येतो," नील्स म्हणाला. "पक्कड घेऊन. पाच मिनिटांचं काम."

सीग्नेला मी हे सांगितलं नाही. ती याआधीच म्हणाली होती, "त्या खटक्याला हात लावलास तर मी बाबांकडे राहायला जाईन." पण बाबांकडे जायला बाबांच्या घरात आईचं यीस्ट उरायला हवं, असा मी मनाशी युक्तिवाद केला आणि पहिला खटका पडायची वाट बघत बसलो. तो माल्ट भिजवताच पडला. मी कॉफी ठेवली.

कॉफी उकळायच्या आत दारात एक बाई उभी. गुडघ्यापर्यंत बर्फ, डोक्यावर हेल्मेट, गळ्यात कसलंसं यंत्र, वरच्या ओठाखाली तंबाखूची पुडी. "मी योरुन, वीज कंपनीची," ती म्हणाली. "ते लांबलचक पत्र तुम्हीच लिहिलंत ना? वाचून हसून हसून पुरेवाट झाली. पण आमच्या यंत्रालाही तुमच्या गावात शनिवारी-शनिवारी वीज जमिनीत गळताना दिसतेय. कोण गळतंय ते बघू या."

ती सगळी घरं फिरणार होती; एकेक घराची वीज तोडायची आणि यंत्रात बघायचं. माझ्या तळघरात येऊन तिने पातेलं बघितलं, तीन चकत्या बघितल्या आणि तिसरी बघून तोंडावर हात ठेवला.

"तुमच्याकडे आहे गळती," ती म्हणाली. "पण ही लहान. मोठी दुसरीकडेच आहे."

मोठी दुसरीकडेच! महिनाभरात माझ्याशी कुणी इतकं गोड बोललं नव्हतं. मी डगला चढवला आणि तिच्याबरोबर निघालो. सीग्नेही आली. गुद्रुनआजींकडे काही निघालं नाही. त्यांनी योरुनला खिरीबद्दल मात्र सांगितलं. नील्सकडे काही निघालं नाही. त्याची बिअर आदल्या आठवड्यातच झाली होती आणि तो कॉफी पीत होता. "आलोच मी," तो मला डोळा मारून म्हणाला. राहता राहिलं सासरेबुवांचं घर.

"तिथे काय असणार!" मी हसलो. "चूलघरात वीज म्हणजे एक दिवा."

चूलघराचं दार आतून लावलेलं होतं. सीग्नेने ठोठावल्यावर ते बोटभर उघडलं आणि फटीतून सासरेबुवांचं नाक दिसलं.

"काढा चढलाय. आत यायचं नाही."

"बाबा, वीजवाल्या बाई आल्यात."

"परक्या माणसाची नजर पडली तर बिअर बिघडते. तुझी आई कुणाला आत घ्यायची का?"

"आई मला घ्यायची," सीग्ने म्हणाली, आणि शाळेच्या बसचं दार ज्या जोराने लावते तसं तिने ते उघडलं.

आत चुलीच्या बाजूला, धुराड्याच्या तोंडाशी, एका जुन्या परातीत ओल्या ज्युनिपरच्या काटक्या धुमसत होत्या. त्यांचाच तो सगळा धूर. खरी चूल थंडगार. तिच्या ओलसर दगडांवर तांब्याचा हंडा, हंड्यात वाफाळतं पाणी, आणि पाण्यात सोडलेला, अंगावर हिरवट पापुद्रे आलेला, विजेवर पाणी तापवायचा एक म्हातारा रॉड. त्याची वायर पिठाच्या पेटीमागून दिव्याच्या जागी गेलेली. सासरेबुवा लाकडी खडावांत फळीवर उभे होते. त्यांचं उजवं बोट ओलं होतं.

यंत्राकडे बघून योरुन हळूच म्हणाली, "हंड्याला कुणी हात लावायचा नाही. आजोबा, तुम्ही तिथेच उभे राहा. खाली उतरू नका." वायरच्या मागे जाऊन तिने प्लग ओढला, मग पुन्हा यंत्र लावलं आणि श्वास सोडला.

"तुम्ही यात बोट घालत होता?"

"घालावंच लागतं," सासरेबुवा म्हणाले. "मुंग्या येत होत्या. मला वाटलं, ज्युनिपर."

कुणी हसलं नाही. मला विचारावंसं वाटत नव्हतं, तरी मी विचारलं, "पण मग माझा खटका का पडायचा?"

"आपल्या या जुन्या लायनीवर सगळी घरं एकत्र बांधलेली आहेत," ती म्हणाली. "एकाच घरात वीज जमिनीत गळली तर बहुतेक वेळा मुंग्यांवर भागतं. पण दोन घरांत, दोन वेगळ्या तारांतून गळायला लागली, की त्या दोघी जमिनीतून एकमेकींना गाठायला बघतात. एक गळती या हंड्यात होती. दुसरी तुमच्या त्या तीन चकत्यांत. ती बाहेर पडायच्या आत तुमचा खटका तोडायचा. दर शनिवारी. तो नसता, तर ज्या शनिवारी तुमचं पाणी तापलं असतं, त्या शनिवारी यांनी इकडे बोट घातलं असतं..."

तिने त्या फळीकडे आणि खडावांकडे पाहिलं; आजवर तेवढ्या कोरड्या लाकडानेच त्यांना जमिनीपासून तोडून ठेवलं होतं. नेमक्या त्याच वेळी दारात नील्स आला, हातात पक्कड घेऊन.

"आस्लाकराव, इथे होय तुम्ही! चला, कॉफी झाली माझी."

आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने थंड चूल पाहिली, रॉड पाहिला, सासरेबुवांचं बोट पाहिलं. पक्कड त्याने हळूहळू खिशात घातली. खिशातून ती बाहेर डोकावत होती म्हणून वरून हातही ठेवला. सीग्नेने त्या पक्कडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या नजरेवर मी आजतागायत एक शब्द बोललेलो नाही.

"गुडघे," सासरेबुवा एकदम म्हणाले. "गेल्या हिवाळ्यापासून लाकूड उचलवत नाही. शेडपासून इथवर आणायचं म्हणजे दोनदा बसावं लागतं."

"मग सांगायचं ना बाबा!" सीग्ने ओरडली. तिचा आवाज फाटला होता. "धूर कशाला करायचा खोटा?"

"काय सांगू? हाल्वार हंड्यात रॉड सोडतो म्हणून? तुझ्या आईच्या हंड्यात?"

सीग्नेने त्यांना फळीवरून उतरवून स्टुलावर बसवलं, त्यांचं ते बोट दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग तिने हंडा कलंडवून सगळं पाणी बाहेर बर्फात ओतून दिलं. योरुनने दोन्ही घरांची वीज दुरुस्ती होईपर्यंत तोडली. माझं माल्ट तळघरात भिजत पडलं होतं, आणि आता त्याला तापवायला एकच जागा उरली होती: सासरेबुवांची थंड चूल.

मी लाकडं वाहिली. बादल्या वाहिल्या, खाली तळघरातून वर चूलघरात, निसरड्या वाटेने. अर्धं सांडलं. सासरेबुवा स्टुलावरून सूचना देत होते: "अरे, ते बर्चचं लाकूड आधी! तिथे नको, मागे सारून ठेव! आग लावतोयस की मेणबत्ती?" नगरपालिकेत माझ्याशी कुणी असं बोललं असतं तर मी त्याची फाइल तळाशी घातली असती. इथे मला प्रत्येक शब्द ऐकावासा वाटत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुरामुळे, असं मी सांगितलं. धूर होताच.

काढा निवत आला तशी त्यांनी मान हलवली. "घाल बोट." मी घातलं. "चटका?"

"नाही. बरं वाटतंय."

"मग हीच वेळ." यीस्ट घालताना आमच्याकडे जोरात आरोळी ठोकायची असते, नाहीतर बिअर मिळमिळीत होते. माझी आरोळी 'पुढचा अर्जदार' म्हटल्यासारखी निघाली. सीग्नेची अशी निघाली, की गुद्रुनआजी रस्त्यापलीकडून काय झालं म्हणून धावत आल्या.

गावाला काय सांगायचं, ते मीच ठरवलं. गळती माझ्याकडे होती, एवढंच सांगायचं. ते खोटंही नव्हतं. नील्सला मी शपथ घातली. नील्सच्या तोंडात मेंढीच्या नावाचं गुपितसुद्धा राहत नाही, पण या वेळी तो खरोखर गप्प बसला. मला त्याचं नवल वाटलं.

टोमासच्या दिवशी सगळं गाव सासरेबुवांच्या टेबलाभोवती जमलं. लेफ्से नावाच्या पातळ पोळ्या, खारवलेलं मटण, आणि मधोमध लाकडी वाडगा. योरुनलाही बोलावलं होतं. आणि मग माझी जी यथेच्छ थट्टा सुरू झाली! आधी आस्लाकला प्लगला लावा, मग वाडगा हातात घ्या, म्हणे. नगरपालिकेने सगळ्या गावाला एका पातेल्यात गळायला लावलं, म्हणे. गुद्रुनआजी म्हणाल्या, खिरीत लोणी कमी पडलं असणार. मी हसत होतो. आतून चडफडत होतो, पण समोर सासरेबुवा सुखरूप बसलेले दिसत होते, आणि तेवढ्यावर माझं भागत होतं.

सासरेबुवांनी वाडगा खाली ठेवला.

"खटका माझ्यामुळे पडायचा," ते म्हणाले. "मी हंड्यात रॉड सोडत होतो. गेल्या वर्षीही. धूर खोटा होता. याने माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं."

त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता हा माणूस उठून आत निघून जाईल आणि पुन्हा कधी बिअर करणार नाही.

नील्स खाकरला. "माझ्याकडेही आहे," तो वाडग्याकडे बघत म्हणाला. "रॉड. मेंढ्यांच्या गोठ्यात लपवतो. पाच-सहा वर्षं झाली असतील."

"आणि धूर?" सीग्नेने विचारलं.

"ओला पेंढा."

"पेंढ्याने काळा येतो," गुद्रुनआजी म्हणाल्या. "मी शेवाळ जाळते. माझी कॉइल शिवणयंत्राच्या पेटीत असते. या वयात लाकडं कोण फोडणार?"

मग खालच्या टोकाचा एकजण बोलला, मग त्याचा मेहुणा. डिसेंबरभर आमच्या दरीवर तरंगणारा तो सगळा निळसर धूर, ज्याचे फोटो काढायला बाहेरून लोक येतात, तो पेंढ्याचा, शेवाळाचा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा निघाला. योरुन तोंडातला लेफ्से चावायची थांबली होती. "किती जणांकडे अर्थिंग नाही?" तिने विचारलं. हात वर आले. तिने ते बघितले, घोट घेतला आणि म्हणाली, "उद्या सकाळी मी सगळ्यांकडे येतेय. कुणी काही तापवाल तर खबरदार."

"म्हणजे," सासरेबुवा सावकाश म्हणाले, "यंदा लाकडावर उकळलेली बिअर गावात एकच आहे. आणि ती या परवान्यावाल्याची."

सगळे माझ्याकडे वळले. मी खांदे सरळ केले. महिनाभरात पहिल्यांदाच.

"कशी आहे मग?" मी विचारलं.

"जळकट," नील्स म्हणाला.

"खूपच," गुद्रुनआजी म्हणाल्या, आणि वाडगा पुढे न सरकवता आणखी एक घोट घेतला. वाडगा फिरत फिरत रिकामा झाला आणि सासरेबुवांनी तो माझ्यापुढे धरला. आणखी हवी, असं काही ते बोलले नाहीत. उठून त्यांनी चूलघरातून यीस्टचं कडं आणलं. मी हात पुढे केला. त्यांनी ते सीग्नेला दिलं.

"तुझ्या आईचं आहे," ते म्हणाले. "हा फक्त लाकडं आणेल."

त्याबद्दल मला वाईट वाटायला हवं होतं. एवढा महिना, एवढ्या चकत्या, आणि शेवटी मी लाकूडवाला. पण मी टेबलावरून नजर फिरवली. इतक्या खोट्या धुरांनंतर, इतक्या रॉडांनंतर, तिथे एकही खुर्ची रिकामी नव्हती. कुणाचे आभार मानावेत ते मला कळेना. म्हणून मी सगळ्यांचेच मानले: खडावांचे, गुडघ्यांचे, योरुनच्या यंत्राचे, आणि नील्सच्या उशिरा झालेल्या कॉफीचे. मनातल्या मनात.

"अरे, बघत काय बसलास?" सासरेबुवा म्हणाले. "ओत की."

मी ओतली.